जुन्या परमिट रूममध्ये जेवायला जाताय? आधी भाकरी सांगा, ग्लास नंतर

जळगाव घ्या, धुळे घ्या, भुसावळ घ्या, तक्रार सगळीकडे तीच. पेठेतल्या त्या जुन्या परमिट रूमचं एवढं नाव ऐकलं होतं, गेलो तर मटण चिवट, शेवभाजीचा लगदा, भाकरी संपलेली आणि बिल बघून डोळे पांढरे. मी एकच विचारतो, किती वाजता गेलात आणि बसल्यावर पहिले काय सांगितलं? उत्तर पण ठरलेलं, साडेनऊला गेलो, पहिले एक हाफ आणि चकणा मागवला, गप्पा रंगल्या, जेवणाचं पावणेअकराला बघितलं. मग दुसरं काय होणार भाऊ.

या जागांचं किचन मोठ्या हॉटेलासारखं नसतं. एक आचारी, एक हाताखालचा पोरगा, दोन-तीन शेगड्या आणि भाकरी थापणाऱ्या एक मावशी. मावशींना घरी जायचं असतं, त्या गेल्या की भाकरी संपली, मग तुम्ही कितीही मोठे गिऱ्हाईक असा, तंदुरी रोटी नाहीतर पावावर भागवा. म्हणून इथे सगळा खेळ क्रमाचा आहे, आणि लोक नेमका तोच उलटा करतात.

खाली लिहिलंय ते गावातल्या, स्टेशन रोडच्या, बाजारपेठेतल्या जुन्या परमिट रूमबद्दल. हायवेचे ढाबे, लाउंज वगैरे वेगळा विषय आहे.

१. आदल्या दिवशीची तयारी

पहिले वार बघा. मटण खायचं असेल तर रविवार, बुधवार किंवा शुक्रवार. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी पाळणारे भरपूर, त्या दिवशी मटणाला उठाव कमी, त्यामुळे जे मिळतं ते फ्रीजमधलं असायची शक्यता जास्त. रविवारी गर्दी असते पण माल ताजा असतो, मला विचाराल तर बुधवार बेस्ट, मालही ताजा आणि आचाऱ्याला तुमच्या हंडीकडे बघायला वेळ पण. गटारीच्या आसपासचे दोन-तीन दिवस तर जाऊच नका, त्या गर्दीत कोणाचंच जेवण नीट होत नाही.

मग ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे माहीतच असतात. लोक अडकतात ते निवडणुकीत, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मोजणीचा दिवस बंद असतो, आणि आपल्याकडे नगरपालिका, झेडपी, ग्रामपंचायत, काही ना काही चालूच असतं. विसर्जनाच्या वेळी पण जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, पेपरात येतो तो बघून घ्या.

वयाचं पण सांगतो कारण घरातल्या पोरांना घेऊन जाणारे खूप विचारतात. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनला २१ पूर्ण लागतात आणि व्हिस्की, रम, जिन, व्होडका, देशी या सगळ्याला २५. कॉलेज संपलं म्हणजे झालं असं नाही. आणि परमिट रूम हे नाव उगीच नाही, कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयाचा परवाना तिथेच मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत आणि आयुष्यभराचा १००० रुपयांत राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून निघतो. नेहमी जाणाऱ्यांनी आयुष्यभराचा काढून पाकिटात टाकावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे फोन. दुपारी चार-पाचच्या दरम्यान फोन करून तीन गोष्टी विचारा:

- आज मटण आहे का, आणि हंडी करून मिळेल का? किती आधी सांगायचं?
- भाकरी किती वाजेपर्यंत मिळते? कळण्याची (ज्वारी-उडदाची) आहे का नुसती ज्वारी-बाजरीची?
- किचन किती वाजता बंद होतं?

बार बंद व्हायची वेळ आणि किचन बंद व्हायची वेळ वेगळी असते, हे बऱ्याच जणांना तिथे बसल्यावर कळतं. काही जुन्या ठिकाणी तुम्ही स्वतः मटण नेऊन दिलं तर ते करून देतात, मसाला त्यांचा आणि मजुरी वेगळी. ते करायचं असेल तर मटण संध्याकाळी सहाच्या आत पोचलं पाहिजे, काळ्या मसाल्याचं मटण घाईत होत नाही.

> सावध: शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, दाताला किंवा पोटाला दिलेलं मेट्रोनिडाझोल असं काही चालू असेल तर ग्लास घ्यायचाच नाही, नुसतं जेवायला या. शुगरच्या काही गोळ्यांवर रिकाम्या पोटी दारू गेली की साखर धाडकन खाली येते आणि बाकीच्यांना वाटतं की याला चढलीये.

आणि घरून काहीतरी खाऊन निघा. एक वाटी दही-भात, दोन केळी, काहीही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, दिवसभर उन्हात फिरलेला माणूस संध्याकाळी तहान म्हणून थंडगार बिअर उचलतो आणि तिथेच त्याची संध्याकाळ संपते. आधी दोन ग्लास पाणी प्या, तहान पाण्याने भागवा.

२. जागा कशी ओळखायची

पाटीवर जाऊ नका, दुपारी जेवायला कोण येतं ते बघा. बाजारातले हमाल, दुकानातली माणसं, वकील, एसटीचे लोक एक-दीडला तिथे थाळी खाताना दिसले तर किचन चालू आहे, रोजचं आहे. ज्या परमिट रूममध्ये दुपारी फक्त बाटल्या चालतात तिथे रात्री जेवायच्या नादी लागू नका.

दुसरी खूण म्हणजे वास. दारातून आत शिरल्यावर भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा वास आला पाहिजे. काळा मसाला रोज भाजून वाटला जातो का पाकिटातला आहे, हे नाकालाच कळतं.

फॅमिली असेल तर आधी विचारा, बऱ्याच जुन्या जागांना मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर फॅमिली हॉल असतो, रस्ता पण वेगळा असतो कधी कधी. बायका-मुलींनी जायचं नाही असा काही नियम नाही, पण हॉल कोणता, वॉशरूम कुठे आणि कशी, हे फोनवर विचारून ठेवलं की तिथे जाऊन अवघडायला होत नाही.

३. पोचायची वेळ आणि बसायची जागा

साडेसात. आठ म्हणजे उशीर.

साडेसातला आचारी ताजा असतो, रस्सा नुकताच उतरलेला असतो, मावशींचा तवा तापलेला असतो. किचनच्या दाराजवळचं टेबल मिळालं तर घ्या, लोक ते टाळतात गरम होतं म्हणून, पण भाकरी तव्यावरून ताटात यायला वीस पावलं लागतात का पाच, याने खरंच फरक पडतो.

४. बसल्या बसल्या पहिली ऑर्डर: किचनची

ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

वेटर पाणी आणि शेंगदाणे ठेवून विचारतो, काय घेणार साहेब, आणि आपण सवयीने बाटलीचं नाव सांगतो. तसं करू नका. पहिले जेवण सांगा, पूर्ण, भाकऱ्यांच्या आकड्यासकट आणि वेळेसकट. म्हणजे असं: "दादा, चौघं आहोत. मटण हंडी हाफ, एक शेवभाजी, एक फौजदारी डाळ, भाकरी आठ. जेवण सव्वानऊला लावा. मटण आता टाकायला सांगा, शेवभाजीचा रस्सा करून ठेवा पण शेव टाकू नका, शेव मी सांगेन तेव्हा." एवढं स्पष्ट. (फौजदारी डाळ म्हणजे आपल्याकडची तिखट डाळ.) वेटरला राग येत नाही उलट बरं वाटतं, कारण आत जाऊन त्याला आचाऱ्याला नेमकं सांगता येतं.

काय सांगायचं ते थोडक्यात:

मटण. काळ्या मसाल्याचं. सुकं आणि रस्सा दोन्ही घेतात लोक, चौघांत एक हंडी पुरते, रस्सा वेगळा मागितला तर बऱ्याच जागी मिळतो. तिखट कमी करा असं सांगू नका, मसाला आधी वाटलेला असतो, तो कमी केला तर नुसतं पाणी लागतं. त्यापेक्षा तवंग कमी घाला असं सांगा, तिखटाचा मोठा भाग वरच्या तेलात असतो.

शेवभाजी. शाकाहारी माणूस सोबत असेल तर हीच. आणि त्याच्यासाठी विचारून घ्या की रस्सा वेगळ्या पातेल्यातला आहे ना आणि पळी वेगळी आहे ना, कारण काही ठिकाणी एकाच रश्श्यावर दोन्ही भागवतात. लाजू नका विचारायला, तुमच्यासोबत आलेल्या माणसाचा विश्वास आहे तो.

भरीत. हे फक्त हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वांगं आपलं हिरवट-पांढुरकं मोठं पाहिजे, जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते काड्यांवर भाजलेलं पाहिजे. जांभळ्या वांग्याचं गॅसवर भाजलेलं भरीत वर्षभर मिळतं, ते बारमध्ये मागवण्यात अर्थ नाही. जूनमध्ये कोणी भरीत आहे म्हटलं तर सोडून द्या.

कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, मिठाची. सगळीकडे नसते, असेल तर आधी तीच सांगा, सोबत खुडा, म्हणजे ठेच्यासारखी कुटलेली मिरची. भाकऱ्या एकदम आठ आणू नका म्हणावं, दोन-दोन करून गरम.

> तपासा: ऑर्डर दिल्यावर वेटरने परत वाचून दाखवली का? हाफ का फुल, हाडाचं का बिनहाडाचं, आणि आज यातलं काय नाही? जे नाही ते आत्ताच कळलं पाहिजे.

शेवेचं जरा जवळून सांगतो. धुळ्याला एका जुन्या जागी वर्षानुवर्षे काम करणारे एक वेटर काका आहेत, ते शेवभाजी कधीच एका वाटीत आणत नाहीत. उकळता रस्सा एका हातात, जाड लाल शेवेची बशी दुसऱ्या हातात, टेबलाशी उभं राहून आधी ताटात भाकरी आलीये का बघतात आणि मग विचारतात, "आते टाकू का मंग?" हो म्हटलं की शेव सोडतात. पहिलं मिनिट ती वर तरंगते, मग कडेकडेने तेल पिऊन फुगायला लागते, आणि मधे तीन-चार मिनिटं अशी असतात की बाहेरून मऊ आणि आत अजून कुरकुरीत. तेवढीच वेळ खायची. त्यानंतर ती पिठलं होते. तुम्ही शेवभाजी आधी मागवून तिच्यासमोर अर्धा तास गप्पा मारल्या तर आचाऱ्याचा काय दोष?

५. आता ग्लास: माप, सील, बर्फ

जेवण सांगून झालं की मग बाटलीचं बोला. तीन गोष्टी बघायच्या.

माप. लहान पेग ३० मिली, मोठा ६० मिली, आणि तो शिक्का असलेल्या मापातून तुमच्यासमोर ओतला गेला पाहिजे. माप काठोकाठ भरून येतं, ग्लासात ओतताना उभं धरून पूर्ण रिकामं करतात. कोणी मापाशिवाय अंदाजाने ओतत असेल तर नम्रपणे सांगा, दादा माप आणा. सुटे पेग नको असतील तर सीलबंद क्वार्टर मागा, १८० मिली, टेबलावर सील तोडायला सांगा आणि लेबल बघा. बिनलेबलचं, बाहेरून आणलेलं स्वस्तातलं काहीही कोणी सुचवलं तर उठून जायचं. तिथे जीवच जाऊ शकतो.

बिअर. बाटलीवरची तारीख बघा, बहुतेक बिअर सहा महिन्यांच्या आत प्यायची असते. आणि आपल्या उन्हाळ्यात बाटल्या कुठे ठेवल्यात हे महत्त्वाचं, दुकानाबाहेर उन्हात क्रेट पडलेले दिसले तर हिरव्या काचेची बाटली घेऊ नका, उजेडाने तिला वास येतो, तपकिरी काच त्यामानाने टिकते.

बर्फ. लादीचा फोडलेला बर्फ टेबलावर आला तर विचारा कुठला. माल गार ठेवायचा बर्फ निळसर रंगाचा करायचा असा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, म्हणजे निळसर झाक दिसली तर तो ग्लासात घालायचा नाहीच. मशीनचे क्यूब असतील तर ते घ्या, नसतील तर सोडा बाटलीसकट गार करून मागा आणि बर्फाशिवाय प्या, काही बिघडत नाही.

> सावध: स्ट्राँग बिअर म्हणजे हलकी ही समजूत सोडा. ८ टक्क्यांची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे साधारण ५२ मिली अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे दोन मोठे पेग म्हणजे पण तेवढंच. दोन बाटल्या बिअरच तर घेतली असं म्हणणाऱ्याने चार मोठे पेग घेतलेले असतात.

६. कॉकटेल: मेनूवर नसलं तरी टेबलावर होतं

आपल्याकडे "त्याचं कॉकटेल झालं" म्हणजे एकाने आधी बिअर घेतली, मग व्हिस्की, मग कोणाच्या तरी ग्लासातली रम, आणि आता त्याला घरी सोडायचंय. त्यामुळे कॉकटेल म्हटलं की लोक घाबरतात. आपल्या कामाचं कॉकटेल म्हणजे एकाच दारूत आंबट, गोड आणि पाणी नीट मापात, आणि नीट केलं तर माणूस कमी पितो, कारण एक ग्लास चाळीस मिनिटं पुरतो.

जुन्या परमिट रूममध्ये शेकर नसतो, पाक नसतो, पुदिना असला तर चटणीत गेलेला असतो. मेनूवर कॉकटेल लिहिलेलं असेल तरी बऱ्याचदा ते रंगीत सरबत असतं. म्हणून सामान वेगवेगळं मागवा आणि स्वतः करा. मागायचं हे: कापलेली कागदी लिंबं एका बशीत, साखर आणि चमचा, मीठ, सीलबंद सोडा, रिकामे ग्लास जास्तीचे.

*क्रम पाठ करा:* आधी लिंबाचा रस, त्यात साखर, पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, मग दारू, मग बर्फ, शेवटी सोडा. दारूत आणि गार पाण्यात साखर नीट विरघळत नाही, म्हणून दारू आधी ओतलीत की साखर तळाला बसणार, वरचे घोट आंबट आणि शेवटचा पाक. दहातले आठ जण इथेच चुकतात.

जिन आणि गोड लाइम सोडा. सगळ्यात सोपं. एक फ्रेश लाइम सोडा स्वीट मागवा, अर्धा ग्लास दुसऱ्या ग्लासात काढून ठेवा, ६० मिली जिन घाला, बर्फ, मग काढलेला सोडा हळूच परत. टॉम कॉलिन्स म्हणतात ते जवळपास हेच. वेटरला ते नाव सांगायची गरज नाही.

व्हिस्की-लिंबू. एक पूर्ण कागदी लिंबू, साखर तीन छोटे चमचे सपाट, विरघळवा, ६० मिली व्हिस्की, बर्फ, जोरात अर्धा मिनिट ढवळा, सोडा नाही. याला व्हिस्की सावर म्हणतात. महागडी व्हिस्की यात घालू नका, मधली चालते.

रम-कोला. डार्क रम ६०, कोला त्याच्या दुप्पट, म्हणजे १२०, आणि अर्धं लिंबू पिळून सालासकट आत टाका. लिंबू नसेल तर हे नुसतं गोड लागतं, लोक लिंबूच विसरतात. यात साखर घालायची नाही, कोल्यात आहे ती भरपूर.

एप्रिल-मेमध्ये पन्हं. घरून किंवा किचनकडून कैरीचं पन्हं मिळालं तर १२० मिली पन्हं, ४५ व्होडका, चिमूटभर मीठ. वेलदोडा घातलेलं पन्हं असेल तर अजून छान. हे आपल्या मातीतलं आहे आणि कोणत्याही लाउंजमध्ये मिळत नाही म्हणून मला ते मनापासून आवडतं. जो पीत नाही त्याच्यासाठी तेच पन्हं व्होडकाशिवाय, तशाच ग्लासात, म्हणजे तो वेगळा पडत नाही.

सोडा ओतल्यावर एकदाच हलवायचं, खालून वर. ढवळत बसलात की गॅस गेला.

> तपासा: पहिला घोट घेतल्यावर आंबट, गोड आणि दारू यातलं एकच पुढे येतंय का? आंबट असेल तर साखर थोड्या पाण्यात विरघळवून घाला, कोरडी साखर वरून टाकू नका. गोड असेल तर लिंबू. दारूच पुढे येत असेल तर पाणी किंवा सोडा, आणि पुढच्या ग्लासाला माप कमी.

कॉकटेल दोनच्या वर नको, आणि दोन्हीत दारू एकच ठेवा, कारण एकच असली की किती झालं याचा हिशेब राहतो.

७. चकणा: हात आवरायची जागा

फुकटचे शेंगदाणे-फुटाणे खारट असतात, खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की ग्लास उचलला जातो. आणि सव्वानऊला हंडी येते तेव्हा पोट भरलेलं. चौघांत एक मसाला पापड, एक काकडी-कांदा, आणि एकच सुकं काहीतरी, उकडलेली अंडी किंवा कलेजी, एवढं बास. आपल्याकडचा बिबडा, म्हणजे ज्वारीचा पापड, भाजून मिळाला तर तो मागा, हलका असतो.

प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी. हे टेबलावर बसलेल्या एकाने अंगावर घ्यायचं, जग रिकामा राहू द्यायचा नाही.

८. ग्लास बाजूला, मग जेवण

जेवण लागायच्या दहा मिनिटं आधी वेटरला आठवण करा आणि ग्लास संपवा किंवा ठेवून द्या. दोन्ही एकत्र चालत नाही. काळ्या मसाल्याच्या तिखटावर पाणी उपयोगाचं नाही, सोडा आणि बिअरचे बुडबुडे तर जीभ अजून पेटवतात, आणि कडक दारूने आग वाढतेच. तिखटाला लागतं ताक, दही किंवा सरळ भाकरीचा कोरडा घास. ताक नसेल तर दह्याची वाटी आधीच सांगून ठेवा.

मटणाच्या ताटात पहिले नुसता रस्सा, भाकरी कुस्करून. तुकडे नंतर. रश्श्यावरूनच कळतं की मसाला कसा भाजलाय, खोबरं जळलं असेल तर मागून कडवटपणा येतो. कडवट असेल तर शांतपणे सांगा, जुन्या जागी आचारी स्वतः बाहेर येऊन विचारतो, त्याला पण त्याच्या हंडीची काळजी असते.

एकदा आम्ही सहाजण एका ठिकाणी उशिरा पोचलो, नाव नको, जेवण सांगायला सव्वादहा केले. मटण आलं ते दोनदा गरम केलेलं, रस्सा आटून तेल वेगळं आणि खाली गाळ, भाकरी नव्हतीच. माझे वडील सोबत होते, त्यांनी तिथे तरुणपणापासून जेवलेलं, त्या जागेचं कौतुक ते मला लहानपणापासून सांगत आलेले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं, काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले खिचडी टाक. तेव्हापासून मी भाकरीचा आकडा सांगितल्याशिवाय खुर्ची पुढे ओढत नाही.

आणि खिचडीवरून आठवलं, ज्याला मटण जड होतं किंवा जास्त तिखट सोसत नाही त्याच्यासाठी काही जागी साधी तुरीच्या डाळीची खिचडी करून देतात, वर लसणाच्या फोडणीचं तेल आणि पापड. मेनूवर नसते. साडेसातच्या ऑर्डरमध्येच विचारायची, दहाला विचारली तर कुकर लावायला कोणी तयार नसतं.

> सावध: जेवण झाल्यावर परत "एक शेवटचा" मागवू नका. तिखट, तेलकट, भरल्या पोटावर गेलेला पेग रात्री दोनला घशाशी येतो.

९. बिल

बिल आल्यावर दोन भाग वेगळे वाचा. जेवणावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी असतो. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. पूर्ण बिलावर, दारूसकट, जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच दाखवून द्या. दुकानातल्या एमआरपीपेक्षा इथे पेग महाग असणारच, त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही, दर मेनूवर आधी बघून घ्यायचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तशाच आहेत, काढा म्हटलं की काढावा लागतो.

मग पेगचे नग मोजा, सोड्याच्या बाटल्या मोजा, हाफ का फुल बघा. टेबलाखाली रिकाम्या बाटल्या ठेवायला सांगितल्या तर मोजणं सोपं जातं. टिप वेटरच्या हातात द्या, आणि जमलं तर किचनच्या दारात जाऊन आचाऱ्याला आणि मावशींना सांगा की जेवण चांगलं होतं. बाकी कोणी सांगत नाही त्यांना.

१०. घरी जायचं

हे बिलानंतर ठरवायचं नसतं, निघतानाच ठरवून यायचं. गाडी चालवणारा पीत नाही, नाहीतर गाडी घरी आणि रिक्षा. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की गुन्हा, पहिल्या वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण पोलिसांपेक्षा आपल्या रस्त्यावरचे ऊस-कापसाचे बिनदिव्यांचे ट्रॅक्टर आठवा, शुद्धीत असलेल्यालाही ते शेवटच्या क्षणी दिसतात.

३० मिलीचा एक पेग उतरायला शरीराला साधारण एक ते दीड तास लागतो. कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ, ओकारी, कशानेच तो वेळ कमी होत नाही. रात्री अकरापर्यंत तीन मोठे पेग झाले असतील तर सकाळी सहाला शेतात जायला बाइक काढू नका, अजून अंगात असू शकते.

ज्याला जास्त झालीये त्याला एकट्याला रिक्षात बसवून द्यायचं नाही. घरात पोचवा, कुशीवर झोपवा, उताणं नाही, आणि उठवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा अंग गार पडलं असेल तर १०८ ला फोन करा, सकाळपर्यंत वाट बघू नका.